वरच्या वस्तीचं बी

तिला सगळे चिमूट म्हणत. अंगाने लहान म्हणून नव्हे. उलट स्वतःच्या घरात शिरताना तिला मान वाकवावी लागे. हिवाळा सरत आला की वरच्या वस्तीतली माणसं वाटी घेऊन तिच्या दाराशी येत, आणि ती पत्र्याच्या डब्यातून प्रत्येकाच्या वाटीत एक चिमूट बी सोडी. एका चिमटीत एका घराची तंबाखू. हे बी असतंच तेवढं बारीक, बोटावर घेतलं तर तपकिरी धूळ लागल्यासारखं दिसतं. "कुणी शिंकलं तर एका घराचा हंगाम उडून जाईल," असं ती म्हणे आणि वाटप संपेपर्यंत नाकावर स्कार्फ बांधून बसे.

पूर्वी घरोघर बी धरत. पण तंबाखूच्या झाडाचा शेंडा वेळेवर खुडला तरच पानं जाड होतात, आणि बी हवं तर शेंडा ठेवावा लागतो, फूल येऊ द्यावं लागतं, बोंडं पिकू द्यावी लागतात. तेवढे दिवस त्या झाडावर मावा बसतो, अळी येते आणि शेजारच्या झाडांवर उतरते. हळूहळू एकेकाने हे झेंगट सोडलं. शेवटी चिमूटच्या सासूबाई तेवढ्या बियासाठी मायझाडं राखायच्या. त्या गेल्या तेव्हा डबा सुनेकडे आला. जाताना त्यांनी काही मोठं बोलून ठेवलं नाही. "झाकण नीट लाव, तुझं लक्ष नसतं," एवढंच म्हणाल्या होत्या.

खालच्या गावात बियाण्याची दुकानं होती. मग या डब्याचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण खालचं आणि वरचं गाव यांच्यात ट्रकने अर्ध्या दिवसाचं अंतर होतं आणि सगळा चढ होता. खाली पाऊस संपला की तंबाखू लावत, कारण तिथला हिवाळा म्हणजे नुसती छान गार हवा. वर त्याच हिवाळ्यात पाण्याचे नळ फुटत. म्हणून वर उलटं चाले. खाली पानं तोडून होत तेव्हा वर वाफ्यांवर बी पडे, आणि वरची पानं भट्टीत जात तेव्हा खाली नवी रोपं लागत. शिवाय खालचं बी वर आणलं की ते घाबरे. रोप लहान असताना थंडीच्या रात्री सोसाव्या लागल्या की त्याला वाटे आपलं आयुष्य संपत आलं, आणि ते गुडघ्याएवढं असतानाच फुलावर येई. एका वर्षी वस्तीतल्या एकाने हौसेने तसं करून पाहिलं होतं. सासूबाई त्याच्या बांधावर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "काय रे, नाक पुसायचं कळत नाही त्या पोरांना, आणि तू त्यांना लग्नाला उभं केलंस!" अंगावर चारदोन पानं आणि डोक्यावर गुलाबी फुलांचा गुच्छ. सगळं शेत तसं उभं होतं.

वरच्या बियाला धीर होता. किती पिढ्यांनी तो त्याच्यात आणला होता कोण जाणे. वस्तीत दुसरं काही पिकत नव्हतं असं नाही, पण घर चालेल असं काही पिकत नव्हतं.

यंदा वाफ्यांवर रोपं अंगठ्याएवढी झाली आणि गारा पडल्या. वाफ्यांवर ताणलेलं कापड फाटून चिखलात गेलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीच्या वाट्या पुन्हा दाराशी आल्या. डब्यात तळाला मागच्या काही वर्षांचं राखून ठेवलेलं बी होतं.

शेजारची बोलकी वहिनी म्हणाली, "चिमूट, आज कंजूषपणा नको हं. तुझ्या चिमटीची आता मूठ कर."

"मुठीएवढं असतं तर मीच खाली जाऊन बंगला बांधला असता," चिमूट म्हणाली, आणि तिने डबा पालथा केला. शेवटच्या वाटीसाठी तिने डब्याचा तळ ओल्या बोटाने पुसून घेतला. नवं बी धरेपर्यंत डबा रिकामा राहणार होता. तसा तो कधीच राहिला नव्हता, पण समोर माणसं उभी असताना तळ झाकून ठेवणं तिला जमलं नसतं.

त्यामुळे सगळंच मागे सरकलं. लावण उशिरा झाली, उन्हाळा ढगाळ गेला, पानं सावकाश वाढली. लोकांनी शेंडे खुडले. चिमूटने घरामागच्या उतारावर नेहमीसारखी मायझाडं राखली. उतारावरच का, तर थंडी पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगट जागी साठते. सपाटीवरची झाडं आधी मरतात. फूल आलं, गळलं, बोंडं धरली. पण बोंडं पिकायला लागतं तेवढं ऊन काही मिळेना. ती रोज जाऊन एखादं बोंड नखाने चिरून बघे. आत पांढरट, ओलं. पिकलेलं बी तपकिरी असतं आणि बोंड हलवलं तर आत खुळखुळतं.

"अगं, बघून बघून पिकणार आहे का ते?" नवरा म्हणे. तो भट्टीवाला होता. सगळ्या वस्तीची पानं त्याच्या भट्टीत पिवळी होऊन वाळत. "अर्धी बोंडं तू चिरूनच संपवशील."

"तुम्ही नाही का भट्टीचं दार उघडून उघडून बघत?"

"मी भोकातून बघतो. दार उघडत नाही."

मग एका सकाळी सपाटीवरच्या गवतावर बर्फाची पातळ साय दिसली. वस्तीत तिला पांढरी म्हणत. पांढरी पडायला अजून अवकाश होता, निदान दरवर्षी असायचा. चिमूट अनवाणीच उतारावर धावली. मायझाडं उभी होती, पण खालच्या पानांच्या कडा शिजवल्यासारख्या काळ्या पडल्या होत्या. बोंडांना पिवळी झाक आली होती, तपकिरी नव्हती. पुढची पांढरी उतार चढून येणार होती.

तिने कोयता आणला आणि झाडं बुंध्यातून कापली. कापलेल्या देठातला उरलासुरला रस बोंडांत उतरतो आणि ती लटकल्या लटकल्या पिकतात, असं सासूबाई करायच्या. पण त्या निम्मी पिकलेली बोंडं तशी टांगत. इतकी कच्ची त्यांनी कधी टांगली असतील असं तिला वाटत नव्हतं. भट्टीच्या पडवीत, वाऱ्यावर, तिने झाडं उलटी टांगली आणि नवऱ्याला बजावलं, "यांना हात लावायचा नाही."

त्यानंतर धुकं उतरलं आणि हटेना. पडवीत सगळं ओलं झालं, दोरीवरून थेंब गळू लागले. चिमूट त्या दिवशी दूरच्या शेतात शेवटची पानं भट्टीत टांगायच्या काठ्यांवर बांधत होती. संध्याकाळी ती परतली तेव्हा पडवी रिकामी होती.

"आत घेतली," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती. "बुरशी लागली असती गं. दाराजवळ टांगलीत, अगदी कडेला."

"आच कुठली लावलीय?"

त्याच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं.

भट्टीत पान आधी मंद आचेवर पिवळं होतं, मग वाळतं, आणि शेवटी जाड देठ वाळवण्यासाठी आच इतकी वाढवतात की आत माणसाला श्वास घेववत नाही. आजची आच शेवटची होती. सकाळी ठरवून त्यानेच वाढवली होती, आणि दुपारी धुकं बघून झाडं आत नेली तेव्हा त्याच्या डोक्यात या दोन गोष्टी एकत्र आल्याच नव्हत्या. पानाशिवाय भट्टीत दुसरं काही असूच शकत नाही, अशी त्याच्या हातांना सवय होती.

तिने दार उघडलं. वाफ तोंडावर आली. झाडं खडखडीत वाळली होती. बोंडं तपकिरी झाली होती, हलवली की खुळखुळत होती. बरोबर जशी व्हायला हवीत तशीच दिसत होती.

"बघ, पिकली," तो म्हणाला, पण त्याचा त्याच्यावरच विश्वास बसला नाही.

"पिकली का भाजली?"

बी दिसायला सारखंच दिसतं. मेलेलं आणि जिवंत यांत रंगाचा फरक नसतो. तिने बोंडं फोडून बी चाळलं, डब्यात भरलं. डबा जवळजवळ भरला. एवढं बी तिने कधी पाहिलं नव्हतं.

परीक्षा घ्यायला हवी होती. यापूर्वी तशी वेळच आली नव्हती. बी उगवणार की नाही, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नव्हता. बाहेर वाफ्यावर टाकावं तर थंडी. ऊब हवी, ओल हवी. तिने विचार केला आणि कोंबडी अंड्याला देते तशी ऊब द्यायची ठरवली. ओल्या सुती फडक्यात चिमूटभर बी पसरलं, घडी घातली, आणि ती घडी पोटाला बांधली. वरून लोकरीचा पट्टा, त्यावर स्वेटर. झोपताना, जेवताना, लाकडं आणताना ती घडी पोटाशी. फडकं सुकू लागलं की ती कोमट पाणी शिंपडी.

बोलकी वहिनी म्हणाली, "काय गं, या वयात पोट धरून चालतेस! गोड बातमी का?"

"हो, शेकड्यांनी होणार आहेत," चिमूट म्हणाली. दोघी हसल्या. वहिनीच्या घरात मात्र कोपऱ्यात दोन ट्रंका बांधून ठेवल्या होत्या, हे चिमूटने पाहिलं होतं. बातमी पसरली होती. बी गेलं तर वहिनीचा नवरा खालच्या गिरणीत कामाला लागणार होता, आणि त्याने भाड्याची खोली बघूनही ठेवली होती.

उगवायला लागतात तेवढे दिवस गेले. तिने घडी उघडली. बी तसंच होतं. आणखी काही दिवस थांबली. तसंच. आणखी थांबली. फडक्याला आंबूस वास येऊ लागला, पोटाच्या कातडीवर लाल चट्टा उठला, आणि बी तसंच, बारीक, तपकिरी, गप्प.

घरात बोलणं बंद झालं. नवरा एकदा म्हणाला, "मला शिवी तरी दे." ती म्हणाली, "शिवीने उगवणार असेल तर देते." आणि चूल पेटवायला बसली. त्याने जेवणाचं ताट तसंच सरकवून ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिला त्याचा राग येत होता आणि त्याची दयाही येत होती. या दोन्हींपेक्षा त्या भरलेल्या डब्याची भीती जास्त वाटत होती. फळीवर तो डबा चांगला दिसत होता. त्यातलं बी कुणी नेलं, वाफ्यावर टाकलं, वाट बघत बसलं, तर ते मेलंय हे कळेपर्यंत लावणीचे दिवस निघून गेलेले असणार. वर हंगाम एकच मिळतो. दुसरी संधी नसते.

वस्तीतल्या बायका विचारायला आल्या तेव्हा तिने त्यांना घरात बसवलं आणि सगळं सांगितलं.

"थोडं तरी जिवंत असेल ना?" एकीने विचारलं. "मला दे थोडं. नाही उगवलं तर नाही उगवलं."

"नाही उगवलं तर तू खाशील काय?"

"तो माझा प्रश्न."

"बी माझ्या घरातलं आहे," चिमूट म्हणाली. ती उठली, फळीवरून डबा काढला आणि सगळ्यांच्या देखत चुलीत ओतला. बी तडतडलं. बारीक ठिणग्या उडाल्या, तेलकट वास आला, आणि क्षणात संपलं. भट्टीवाला दारात उभा होता. तो पाठ फिरवून निघून गेला.

पोटावरचं फडकं तिने त्याच रात्री सोडून, घडी अर्धवट उघडी तशीच, खिडकीतल्या एनॅमलच्या वाडग्यात टाकलं होतं. वाडग्यात थोडं पाणी होतं. ते धुवायचं राहून गेलं. खिडकीच्या काचेतून दुपारचं ऊन त्यावर पडे, बाजूला चुलीची ऊब. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचं कशाकडेच लक्ष नव्हतं. वहिनीच्या ट्रंका खाली गेल्या तेव्हा ती निरोप द्यायलाही उठली नाही.

आठवडा उलटला. वाडगा हवा होता म्हणून तिने फडकं उचललं, आणि तिचा हात तसाच थांबला. घडीच्या वरच्या पदरावर, जिथे ऊन लागत होतं तिथे, हिरवी मऊ लव आली होती. तिने घडी उलगडली. आतल्या पदरांत काही नाही. बाहेर हिरवं, आत तपकिरी. उजेडाची रेष जिथपर्यंत पोचली होती तिथपर्यंत बी उगवलं होतं.

तिने फडकं खिडकीच्या उजेडात धरलं.

वाफ्यावर हे बी कधी मातीखाली पुरत नाहीत. नुसतं टाकतात, वरून पाणी शिंपडतात. सासूबाई तसं करायच्या, तीही तसंच करी. बारीक आहे म्हणून, पुरलं तर वर येण्याइतका जोर त्यात नाही म्हणून, असं तिला वाटे. या बियाला उगवायला उजेड लागतो, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. रोज हातांनी बरोबर करत आली आणि एकदाच डोक्याने करायला गेली, तेव्हा त्याला लोकरीत गुंडाळून अंधारात कोंडून ठेवलं. आणि वरून, जिवंत असताना जाळलं.

"अहो," तिने हाक मारली. "अहो, इकडे या."

तो आला. फडक्याकडे बघितलं, मग चुलीकडे.

"तू तर मला शिवीपण दिली नाहीस," तो शेवटी म्हणाला.

"आता तुम्ही द्या."

"शिव्या नंतर. यांचं काय करायचं?"

खरा प्रश्न तोच होता. मायझाड एक जरी जगलं तरी त्याच्या बोंडांत सगळ्या वस्तीला पुरून उरेल एवढं बी असतं. पण बाहेर हिवाळा होता. कोंब थांबत नाहीत. वसंत येईपर्यंत ते त्या वाडग्यात कसे राहणार? खिडकीतलं ऊन दिवसेंदिवस आखूड होत होतं. खिडकीच्या काचेकडचे कोंब पहिल्या दोन दिवसांतच आडवे झाले. तिने गाळलेली माती वाडग्यात भरली, फडकं त्यावर पसरलं, वरून काच ठेवली, वाडगा चुलीजवळ घेतला तर उजेड कमी पडे, खिडकीशी नेला तर थंडी लागे. दिवसभर ती वाडगा घेऊन घरात फिरत राहिली.

शेवटी तिने खालच्या गावातल्या ताईला फोन लावला. ताई थोरली, तिकडे तंबाखूच लावायची, आणि तिच्या तोंडाला लगाम नव्हता.

"आठवण झाली वाटतं! मला वाटलं गोठलीस तू तिकडे."

"ताई, तुझी लावण झाली?"

"कधीच. आता पहिली खुरपणी चाललीय. का?"

"मला जागा हवीय. थोडी. एक कोपरा."

तिने सगळं सांगितलं. चुलीचंही सांगितलं.

"ताई?"

"ऐकतेय. भरलेला डबा जाळलास?"

"हो."

"लहानपणी पण अशीच होतीस. परीक्षेत नापास होणार म्हणून निकालाआधी पुस्तकं रद्दीत घातलीस." ताईने श्वास सोडला. "उशीर झालाय हं चिमे. इथे पण झालाय. रोपं मोठी होतील तोवर ऊन तापायला लागेल. आणि आमच्या झाडांची फुलं शेजारी. मधमाश्या काय तुझं नि माझं बघून बसतात?"

"फुलांना पिशव्या बांधेन. पातळ कापडाच्या. प्रत्येक गुच्छाला."

"बांधशील गं. आधी फुलं येऊ देत." मग आवाज बदलला. "हौदाजवळ जागा आहे. दुपारची सावली पडते. ये."

खाली जाणारा ट्रक भट्टीवाल्याच्याच पानांच्या गाठोड्यांनी भरला होता. त्याने वाडगा स्वतः उचलून केबिनपर्यंत आणला, तिच्या मांडीवर ठेवला आणि काचेवरून शाल टाकली. ती आता हिवाळाभर खाली राहणार होती. तो भट्टी सोडून येऊ शकत नव्हता.

"रोज फोन कर," तो म्हणाला.

"तुम्ही जेवत जा."

ट्रकवाल्याने सिगरेट काढली. तिने त्याच्याकडे बघितलं तशी ती त्याने पुन्हा खिशात ठेवली. "काय आहे त्यात एवढं?"

"रोपं."

त्याने शालीचं टोक उचलून बघितलं. "मला तर शेवाळ दिसतंय."

"मग शेवाळ समजा, पण खड्डे चुकवा."

वळणं उतरताना तिचे कान बंद झाले, उघडले, पुन्हा बंद झाले. एका वळणावर धुकं संपलं. पुढे कुठेतरी तिने स्वेटर काढला. आणखी खाली आल्यावर पट्टा सोडला. चट्ट्याला हवा लागून बरं वाटलं. रस्त्याकडेला तंबाखूची शेतं सुरू झाली, नुकती लागलेली, रुंद पानांची, बिनधास्त वाढणारी. वर या दिवसांत काळ्या बुंध्यांशिवाय काही उभं नव्हतं. तिने काचेवरची शाल बाजूला केली. ऊन आत गेलं. लव सकाळपेक्षा विरळ दिसत होती. मधला भाग अजून हिरवा होता, कडेचा करडा पडला होता. ती बघत राहिली तेवढ्या वेळात आणखी काही कोंब लवले, की ते ट्रकच्या हिसक्याने लवले, तिला कळेना.

ताई हौदाजवळ उभी होती. तिने मातीचा वाफा ओला करून ठेवला होता, वर बांबूवर कापड ताणलं होतं. तिने मिठी मारली नाही, चहा विचारला नाही. वाडगा हातात घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि खाली वाकून खूप वेळ बघितलं.

"बाई गं," ती म्हणाली. "यातली जिवंत कुठली नि मेलेली कुठली?"

"कळत नाही, ताई."

ताईने काडेपेटीतली एक काडी काढून तिच्या हातात दिली, एक स्वतः घेतली आणि वाफ्याशी उकिडवी बसली.

"मग या वेळी निवडत बसू नकोस," ती म्हणाली. "सगळी लाव."

चिमूट तिच्या शेजारी बसली. काडीच्या टोकाने तिने पहिला कोंब फडक्यावरून सोडवला. त्याचं मूळ धाग्यात अडकलं होतं आणि निघता निघत नव्हतं.